कंपवाताच्या 'रोखणाऱ्या' गोळ्या: नेमकं काय रोखतात?

मोगरा_७८

नमस्कार मंडळी. वडील ७२ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, आईसोबत कराडला असतात. सहा वर्षांपूर्वी कंपवाताचं, म्हणजे पार्किन्सनचं निदान झालं. आधी सिंडोपा ११० तीनदा, मग १२५ तीनदा. गेल्या वर्षी सकाळची रासाजिलिन १ मिग्रॅ आली. आणि परवा डॉक्टरांनी एन्टाकॅपोन २०० वाढवली, सिंडोपाच्या प्रत्येक डोसबरोबर एक. "ही एन्झाइम इनहिबिटर आहे, तशी रासाजिलिनही आहे आणि सिंडोपातही एक आहेच," एवढं ते म्हणाले. बाहेर चाळीस माणसं बसलेली, त्यामुळे पुढचं विचारायचं राहून गेलं.

आबांनी इनहिबिटरचा अर्थ मला विचारला. मी म्हटलं, रोखणारं, थांबवणारं. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद आहे: "तीन-तीन ब्रेक लावल्यावर गाडी चालायची कशी?" पाकीट कपाटावर पडून आहे, गोळी घ्यायला तयार नाहीत.

त्रास असा आहे की सकाळी आठची गोळी साडेअकरापर्यंत टिकते. नंतर पाय जमिनीला चिकटतात, शर्टाचं बटण लागत नाही. दुपारीही तेच, चारच्या चहाला बशीत कप वाजायला लागतो. आई स्वयंपाकघरात असते, न बघताच तिला कळतं की गोळी उतरली.

या गोळ्या काय रोखतात? गोळी वाढली म्हणजे आजार हाताबाहेर गेला का? आणि काय जपायचं?

---

सावली

माझ्या सासूबाईंना एन्टाकॅपोन चालू होऊन दोन वर्षं झाली. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर घरात रडारड होईल: लघवीचा रंग बदलतो. नारिंगी, कधी विटकरी तपकिरी. आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सासूबाईंना वाटलं रक्त जातंय. रात्री अकराला रिक्षा करून दवाखाना गाठला, तपासणी झाली, सगळं ठीक. तो रंग औषधाचाच असतो, त्यानं काही अपाय नाही. आबांना पहिल्या गोळीआधी सांगा.

---

चिंचगूळ

सावलीताई, आमच्याकडे उलटं झालं. बाबांना आधी सांगून ठेवलं होतं, तर रंग बदलला नाही त्या दिवशी त्यांनी मेडिकलवाल्याला फोन करून विचारलं, "गोळी खरी आहे ना?" 😄

---

पाटकरी

मोगराताई, मी औषधशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. आबांचा प्रश्न अगदी रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कंपवातात मेंदूतल्या एका छोट्या भागातल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. मग बाहेरून डोपामिनच का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत शिरताना जी चाळण लागते, तिच्यातून डोपामिन पलीकडे जात नाही. लेव्होडोपा जातं, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. म्हणून लेव्होडोपा द्यायचं. सिंडोपातलं मुख्य औषध तेच.

आता विहिरीवरून शेताला पाटानं पाणी नेताय असं समजा. पाटाला वाटेत दोन मोठी भोकं आहेत. पहिलं भोक म्हणजे डीकार्बोक्सिलेज हे एन्झाइम (शाळेच्या पुस्तकातला शब्द विकर). ते आतड्यात, यकृतात, रक्तवाहिन्यांत सगळीकडे असतं आणि लेव्होडोपाचं वाटेतच डोपामिन करून टाकतं. मेंदूबाहेरच्या त्या डोपामिनचा हाताला उपयोग शून्य, उलट उलट्या होतात आणि रक्तदाब उतरतो. नुसतं लेव्होडोपा दिलं तर शंभरातला जेमतेम एखादा भाग मेंदूत पोचतो. हे भोक बुजवतं कार्बिडोपा, तेही सिंडोपाच्या गोळीतच असतं. ते स्वतः मेंदूत शिरत नाही, म्हणून मेंदूतलं काम निर्वेध चालू राहतं. लेव्होडोपा-कार्बिडोपाच्या पहिल्या प्रसिद्ध गोळीचं नाव होतं सिनेमेट. लॅटिनमध्ये 'सिने' म्हणजे शिवाय आणि 'एमेसिस' (मूळ ग्रीक शब्द) म्हणजे उलटी. उलटीशिवायची गोळी!

पहिलं भोक बुजलं की पाणी दुसऱ्या भोकाकडे जोर करतं. त्याचं नाव कॉम्ट. हे एन्झाइम लेव्होडोपाचं निरुपयोगी द्रव्य करतं. ते भोक एन्टाकॅपोन बुजवतं. त्याचा असर थोडाच वेळ राहतो, म्हणून लेव्होडोपाच्या प्रत्येक डोसबरोबर घ्यायची.

शेतात पोचलेलं पाणी उन्हानं उडून जातं, तसं मेंदूतलं डोपामिन माओ-बी नावाचं एन्झाइम मोडून टाकतं. रासाजिलिन त्याला आवरते. सेलेजिलिन आणि साफिनामाइड त्याच घरातल्या.

तेव्हा आबांना सांगा, तीनही ब्रेक गळतीला आहेत, गाडीला एकही नाही.

---

मोगरा_७८

पाटकरीकाका, काय सोपं करून सांगितलंत! आत्ताच फोनवर आबांना वाचून दाखवलं. शेताचं ऐकून गप्प झाले, मग म्हणाले, "११० आणि १२५ मध्ये पंधराचाच फरक, त्यानं काय होणार होतं तेव्हा?"

---

पाटकरी

वा, तिकिटांचा हिशेब केलेला माणूस! ११० म्हणजे १०० लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे तेच १०० लेव्होडोपा, पण कार्बिडोपा २५. पाणी तेवढंच, बोळा मोठा. पहिलं भोक नीट बुजायला दिवसाला साधारण ७० ते १०० मिग्रॅ कार्बिडोपा लागतं. ११० तीनदा घेतली तर ३०च होतात, १२५ तीनदा घेतली तर ७५. सुरुवातीला त्यांना मळमळत होतं का, विचारा.

---

मोगरा_७८

होत होतं! आम्ही पित्ताचं समजून आवळा देत होतो.

---

डोंगरवाट

माझं मत जरा वेगळं आहे. लेव्होडोपा जितकं लांबवता येईल तितकं लांबवावं. ते पाच वर्षांत 'संपतं' आणि मग अंग वळवळायला लागतं. माझ्या काकांनी घाई केली आणि आज पस्तावतायत. त्यापेक्षा रासाजिलिनसारख्या गोळीवर ढकलावं, ती पेशींना वाचवतेही म्हणे.

---

पाटकरी

डोंगरवाट, काकांबद्दल वाईट वाटलं. पण या समजापायी लोक वर्षानुवर्षं उगाच अडखळत जगतात, म्हणून स्पष्ट लिहितो.

नेदरलँड्समध्ये ४४५ रुग्णांवर एक चाचणी झाली, निष्कर्ष २०१९ साली आले. निम्म्यांना लेव्होडोपा लगेच दिलं, निम्म्यांना ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनी पाहिलं तर दोन्ही गटांत फरक नव्हता. आधी घेतल्यानं आजार मंदावला नाही आणि बिघडलाही नाही. घाना आणि इटलीतल्या रुग्णांची तुलनाही झाली आहे. घानात औषध उशिरा मिळायचं, तरी गोळी उतरण्याचा आणि अंग वळवळण्याचा त्रास आजाराच्या साधारण त्याच वर्षी सुरू व्हायचा. गोळी संपत नाही, आजार पुढे जातो. पेशी कमी झाल्या की मेंदूला डोपामिन साठवून ठेवता येत नाही, मग गोळीच्या येण्या-जाण्याबरोबर हात चालू-बंद होतो. मोठे डोस टाळायचे हे मात्र खरं, त्यानं वळवळ वाढते.

पेशी वाचवण्याचं म्हणाल तर रासाजिलिनच्या २००९ च्या मोठ्या चाचणीत १ मिग्रॅला फायदा दिसला, २ मिग्रॅला दिसला नाही. खरंच संरक्षण होत असतं तर दुप्पट डोसनं ते नाहीसं झालं नसतं. त्रास कमी करणारी चांगली गोळी आहे, सौम्य असताना ती एकटीही पुरते. आजार थांबवते असं म्हणता येत नाही.

---

डोंगरवाट

दुप्पट डोसचा मुद्दा मला माहीत नव्हता. काकांच्या मुलाला हा धागा पाठवतो.

---

निवांत

मी स्वतः रुग्ण. वय ६४, नऊ वर्षं झाली. एका बोटानं टंकतोय, चुका पोटात घाला.

आबांना माझ्याकडून सांगा, गोळी वाढली म्हणजे शेवट जवळ आला असं नाही. मला एन्टाकॅपोन लागून चार वर्षं झाली. सकाळी भाजी मी आणतो. पाकिटातून नोटा काढताना मागे रांग असली की हात जास्त अडतो, म्हणून दहा-वीसच्या नोटा वरच्या खिशात वेगळ्या ठेवतो.

पहिल्या आठवड्यात मात्र मान आणि खांदा आपोआप डोलायला लागले. मेंदूत लेव्होडोपा जास्त पोचायला लागलं ना. डॉक्टरांनी सिंडोपाचा डोस थोडा कमी केला आणि थांबलं. घरच्यांनी ते टिपून डॉक्टरांना कळवावं, आपल्या मनानं गोळी तोडू नये.

आणि गोळी एकदम कधीच बंद करू नका. मी एकदा प्रवासात औषधाची पिशवी विसरलो. दीड दिवसात लाकूड झालो. ताप येऊन जिवावरही बेतू शकतं असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

---

मांडवीकाठ

पणजीहून लिहितेय. काय जपायचं ते विचारलंत, म्हणून आमच्यावर आलेला प्रसंग सांगते.

आईला सेलेजिलिन चालू होती. पावसाळ्यात अंगणात घसरली, मनगट मोडलं. आम्ही नेलं त्या रुग्णालयात दुखण्यासाठी ट्रॅमाडॉलचं इंजेक्शन दिलं. 'चालू औषधं' म्हणून आम्ही बीपीची आणि सिंडोपा सांगितली. सेलेजिलिन ही इवलीशी गोळी आमच्या डोक्यातून निसटली, आणि त्यांनीही फाइल उलटून पाहिली नाही. तासाभरात आई घामानं निथळली, छाती धडधडायला लागली, असंबद्ध बोलू लागली, पाय थाडथाड उडायला लागले. रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "मावशीला पार्किन्सनची अजून कोणती गोळी आहे का?" त्या एका प्रश्नानं आई वाचली. सेलेजिलिन आणि ट्रॅमाडॉल एकत्र आल्यानं शरीरात सेरोटोनिन नावाच्या द्रव्याचा परिणाम बेसुमार वाढतो, त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात.

त्या दिवसापासून आईच्या पर्समध्ये, फ्रिजवर आणि आम्हा तिघांच्या फोनमध्ये कागद आहे: माओ-बी गोळी चालू आहे, ट्रॅमाडॉल आणि पेथिडिन देऊ नये, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध देऊ नये, नैराश्याची गोळी न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय देऊ नये. खोकल्याची बाटली तर आपण मेडिकलमधून सहज उचलतो. मागचं बारीक अक्षर वाचा हो, कृपा करून वाचा.

---

पाटकरी

मांडवीकाठ, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. यात एक भर घालतो. रासाजिलिन आणि सेलेजिलिन त्या एन्झाइमला कायमचं बाद करतात. कुलपात किल्ली घालून मोडून टाकावी तसं. शरीर नवं एन्झाइम बनवेपर्यंत परिणाम राहतो. म्हणून 'गोळी कालपासून बंद केली आहे' हे पुरेसं नसतं. अशी औषधं देण्याआधी साधारण दोन आठवडे मध्ये जावे लागतात. ठरलेलं ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा. साफिनामाइडची किल्ली बाहेर निघते, पण तिच्याही बाबतीत हीच औषधं टाळतात.

सेलेजिलिन सकाळी आणि दुपारीच घेतात, कारण शरीरात तिचं थोडं अ‍ॅम्फेटामिनच्या जातीचं द्रव्य बनतं आणि झोप उडते.

---

सावली

एक माझ्याकडूनही जोडा. सासूबाईंना उलट्या झाल्या तेव्हा जवळच्या दवाखान्यात मेटोक्लोप्रमाइडचं इंजेक्शन दिलं. संध्याकाळपर्यंत त्या पलंगावरून उठेनात, चेहरा मुखवट्यासारखा झाला. ते औषध मेंदूतलं डोपामिनचं दारच बंद करतं. स्टेमेटिल या उलटी-चक्करेच्या औषधाचंही तसंच. चक्कर येते म्हणून आपल्याकडे सर्रास देतात त्या सिनॅरिझिननं आणि फ्लुनॅरिझिननंही कंप वाढतो. उलटीला डोम्पेरिडॉन चालतं असं आम्हाला सांगितलंय, पण हृदयाचा त्रास असेल तर तेही विचारूनच.

---

औषधीबाग

मी वैद्य आहे, सिंधुदुर्गात असतो. लेव्होडोपाचा विषय निघाला आहे तर कवचबीजाबद्दल, आपल्या खाजकुइलीबद्दल कुणीच बोललं नाही. कोकणात तिच्या शेंगांची कुसं अंगाला लागली की काय होतं ते मुलामुलांना ठाऊक आहे. त्याच शेंगेच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असतं आणि कंपवातावर ती आपल्याकडे पूर्वापार वापरतात. आधुनिक चाचण्यांतही ती कामाची दिसली आहे.

---

चिंचगूळ

म्हणजे सिंडोपा बंद करून हे चूर्ण चालेल का? माझे मामा म्हणतात, नैसर्गिक आहे, त्रास नाही.

---

औषधीबाग

नाही, आणि हे मी वैद्य म्हणून सांगतो. बियांत साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतं, पण दोन बाजारी चूर्णांत ते सारखं नसतं. सिंडोपाबरोबर लपून चूर्ण घेतलं तर ते दुप्पट लेव्होडोपा होतं. माझ्याकडे असे रुग्ण येतात, अंग वळवळतंय आणि रात्री भास होतायत. चूर्णात कार्बिडोपा नसतं, म्हणजे पाटकरीसाहेबांचं पहिलं भोक उघडंच राहतं. घ्यायचंच असेल तर दोन्ही डॉक्टरांना माहीत असू द्या. मी न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी पाहिल्याशिवाय देत नाही.

---

लीड्सकर

मी इथे इंग्लंडमध्ये वॉर्डात नर्स आहे, मूळची सांगलीची. इथे कार्बिडोपाइतकंच बेन्सेराझाइड वापरतात, काम तेच. पार्किन्सनच्या गोळ्या रुग्णालयात वेळेवर मिळाव्यात म्हणून इथल्या पार्किन्सन्स यूके संस्थेनं २००६ पासून 'गेट इट ऑन टाइम' मोहीम चालवली आहे. ठरल्या वेळेच्या अर्ध्या तासाच्या आत गोळी मिळालीच पाहिजे असा आग्रह असतो. आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, सकाळी सातची गोळी पावणेआठला मिळाली तर त्यांना घोटभर पाणीही गिळता यायचं नाही, आणि मग पुढची गोळी तरी गिळायची कशी? तिकडे कुणी अ‍ॅडमिट झालं तर वॉर्डाच्या आठ-दोन-आठच्या फेरीवर सोडू नका. आबांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून खाटेला लावा.

जेवणाचंही बघा. लेव्होडोपा आणि प्रथिनं आतड्यात एकाच दारातून आत शिरतात. गोळी वरण, दूध, पनीर, अंडं यांच्यासोबत घेतली तर ती दाराबाहेर ताटकळते. जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायला सांगतात.

---

मोगरा_७८

लीड्सकरताई! आबा दुपारची गोळी जेवून उठल्यावर घेतात. जेवणात रोज वाटीभर आमटी, वर ताक. आणि आईनं गेल्या महिन्यापासून रक्त वाढायला म्हणून लोहाची गोळीही त्याच वेळी सुरू केली आहे.

---

पाटकरी

इथेच मेख आहे! लोह लेव्होडोपालाही धरून ठेवतं आणि एन्टाकॅपोनलाही. लोहाची गोळी दोन-तीन तास लांब हवी. हे दोन्ही बदल डॉक्टरांना सांगून करा. कदाचित दुपार तेवढ्यानंच सुधारेल. जेवण मात्र कमी करू नका, ७२व्या वर्षी अंगात मांस टिकलं पाहिजे. प्रथिनं रात्रीकडे सरकवा.

एन्टाकॅपोननं काही जणांना जुलाब होतात, कधी सुरू केल्यावर काही आठवड्यांनीही. तेव्हा 'बाहेरचं खाल्लं असेल' म्हणून सोडून देऊ नका. याच जातीची टोलकापोन जास्त जोरकस आहे, पण तिनं काही जणांच्या यकृताला गंभीर इजा झाली. १९९८ मध्ये युरोपात ती थांबवली होती, नंतर रक्त तपासत राहण्याच्या अटीवर परत आली. नवी ओपिकापोन रात्री एकदाच घ्यायची असते.

---

निवांत

मोगराताई, डॉक्टरांकडे जाताना तोंडी सांगू नका. 'बरंय, कधीकधी अडतं' असं आपण म्हणतो आणि ते तरी त्यावरून काय ठरवणार. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात भेटलेल्या एका ताईंनी मला वहीची सवय लावली. गोळी कधी घेतली, कधी चढली, कधी उतरली. चार दिवसांची वही पुरते.

---

मोगरा_७८

(पाच आठवड्यांनंतर)

मंडळी, उशिरा लिहितेय. वही ठेवली, आणि ती आबांनी स्वतः ठेवली. निवांतकाकांचा निरोप ऐकल्यावर माळ्यावरून वेबिलचा, म्हणजे कंडक्टरच्या हिशेबाच्या रकान्यांच्या कागदांचा, जुना कोरा गठ्ठा काढायला लावला. गोळीच्या पुढे 'सुटली ८.००', मग 'पोचली ८.४०', मग 'बंद पडली ११.३०'. शेरा या रकान्यात 'पाय', 'बटण', 'कप'. पहिल्या दोन दिवसांचं अक्षर मुंगीएवढं आहे, 'बंद पडली'च्या ओळीत तर वाचताच येत नाही.

डॉक्टरांनी तो कागद पाच मिनिटं पाहिला. दुपारची गोळी जेवणाआधी पाऊण तास, लोहाची रात्री, आणि एन्टाकॅपोन सुरू. पहिल्या आठवड्यात खांदा डोलला, निवांतकाकांनी सांगितलं होतं म्हणून आम्ही घाबरलो नाही. लगेच कळवलं, एक डोस थोडा कमी झाला. लघवीच्या रंगाचं आबांना आधीच सांगितलं होतं. जुलाब नाहीत. मांडवीकाठताईंचा कागद लॅमिनेट करून त्यांच्या खिशात आहे, एक प्रत शेजारच्या मेडिकलमध्येही दिली.

काल मी कराडला होते. चार वाजता चहा झाला, साडेचारला आबांनी बशी स्वतः मोरीत नेऊन ठेवली. कालच्या वेबिलवर दुपारच्या गोळीपुढे 'बंद पडली ५.१०' आहे. पूर्वी चारच्या आधीच पडायची. संध्याकाळी सहा ते सात अजून अवघड जातं, ते पुढच्या भेटीत विचारणार आहोत.

---

निवांत

मोगराताई, त्या वेबिलचे रकाने सांगाल का? माझी वही अगदीच विस्कळीत आहे.

---

मोगरा_७८

काका, आबा शेजारीच बसलेत, तेच सांगतायत: वेळ, गोळी, सुटली, पोचली, बंद पडली, काय खाल्लं, शेरा. आणि म्हणतायत, "रकाने रुंद आखा म्हणावं, हात अडला की अक्षर रेघेबाहेर जातं."